उल्काभाऊ

22 मे 2012 च्या दुपारी काटोलच्या आकाशात स्फोटासारखे आवाज झाले आणि आसपासच्या शिवारांत दगड पडले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाले दगड गोळा करून गेले. आमचे भाऊ मात्र राहिले. तोवर त्यांचा विषय दिल्लीचं राजकारण होता, त्या दिवसापासून परग्रहवासी.

2021 मध्ये बातमी आली, की यातल्या एका तुकड्यात खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना ब्रिजमनाइट सापडलं. जमिनीखाली साडेसहाशे किलोमीटरच्या पलीकडे ज्याची रेलचेल, ते हे खनिज. अवकाशात दगडावर दगड आदळला, की त्या दाबानं तिथंही ते तयार होतं. पण एवढ्यावर समाधान मानतील ते भाऊ कसले? "आपल्या बुडाखालचा माल वरून पाठवला. म्हणजे सातबारा पाहून ठेवला त्याइनं!"

मग ते लोक आपल्याला मारणार का, असं कुणी विचारलं की भाऊ खुर्ची पुढे ओढतात. चहा दुसऱ्यानं सांगायचा, हे ठरलेलं.

"मारतीन कायले? आंबियाच्या बहारासाठी आपण संत्र्याले ताण देतो. पाणी तोडतो, पानं गळतात. झाडाले वाटते, मालक बिथरला, आता मेलो. मंग पाणी सोडलं की गदगदून फुलते. अन् आपल्या मनात काय असते? कळमन्याच्या बाजारातला भाव! झाडाले कळमना समजते काय?"

(माणूस चमत्कारिक असला तरी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.)

पुण्याला संगणकात असलेल्या भाऊंच्या भाच्यानं यावरूनच एकदा बोस्ट्रम या तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली. महाहुशार यंत्राला कागदाच्या क्लिपा बनवायला सांगितल्या, तर ते अख्ख्या पृथ्वीच्या, माणसांसकट, क्लिपा करून टाकेल. राग नाही, लोभ नाही, फक्त क्लिपा. सगळे गप्प झाले. भाऊंना तेवढं नवल वाटलं नाही. "असे दोन व्यापारी मी पाह्यले. पण क्लिपा घेईन कोण? गिऱ्हाइकाच्याबी क्लिपाच झाल्या ना!"

यंदा पाऊस लांबला. भाऊंना यातही वरच्यांचा हात दिसतो: आता ताण आपल्याला बसतो आहे. मग त्यांना पाहिजे तरी काय, असं मी विचारलं. भाऊंनी बशीत चहा ओतला.

"त्याइचा मृग बहार हाय का आंबिया, थे कळल्याबिगर मी बोलत नसतो."