फुकटचा बिबट्या, लाखाची शेपटी

तर ताजी खबर अशी, की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं वजन आता वसईच्या अख्ख्या पारनाक्याला माहीत झालंय. पंचवीस वर्षांच्या संसारात जे त्यांनी नवऱ्यालाही कळू दिलं नाही, ते दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याशा पोराने काळ्या मार्करने त्यांच्या हातावर लिहिलं. आणि वहिनींनी तोच हात हलवत फोटो काढून घेतला, वर स्टेटसला ठेवला! आकडा आम्ही इथे सांगणार नाही. आम्हाला याच सोसायटीत राहायचंय.

वजन कशाला लिहिलं? उडी मारायला! ब्लोक्रान्स नावाचा पूल आहे म्हणे तिकडे. खाली दरी, उंची २१६ मीटर. आमच्या सात मजली इमारतीसारख्या दहा इमारती एकावर एक रचल्या, तर शेवटच्या गच्चीवरून कुठे पुलाला हात लागेल. तिथून लोक पायाला दोर बांधून खाली झेपावतात. दोर कोणता लावायचा ते वजनावर ठरतं, म्हणून ते हातावर गोंदवल्यासारखं मिरवायचं. उडीच्या जागेपर्यंत जायचं तेही पुलाखालच्या जाळीवरून, पायाखाली आरपार दरी. उडी झाली की माणूस वटवाघळासारखा उलटा लोंबकळतो, मग वरून दुसरा माणूस दोराने उतरून त्याला घेऊन जातो. आणि हे केलं कोणी? ज्या दरवर्षी विरारला जाऊन ‘गुडघे धरतात हो’ म्हणत जीवदानीला पहिल्या पायरीवरूनच हात जोडून परत येतात, त्या बाईने! आईच्या तेराशेच्या वर पायऱ्या अवघड, आणि दरी मात्र सोपी.

वहिनींचे यजमान, आमचे भाऊ, वर पर्स आणि चपला सांभाळत उभे होते. त्यांना विचारलं, तुम्ही का नाही उडी मारलीत? तर म्हणतात, ‘तीस वर्षं विरार फास्टच्या दारात लटकलोय, तेही बिनदोराचं. मला त्यात नवीन काय?’

एकटं हेच जोडपं असतं तर आम्ही म्हटलं असतं, जाऊ दे, वाढत्या वयाचा झटका आहे. पण हल्ली वाऱ्यालाच तिकडचा वास लागलाय. आमच्या वेळी लग्न झालं की माथेरान, फार तर महाबळेश्वर, आणि घोड्यावर बसलेला एक फोटो. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस म्हटलं की सत्यनारायण, शिऱ्याचा प्रसाद, जावयाला टॉवेल-टोपी. आता लग्नाआधीचे फोटो वसईच्या किल्ल्यात आणि लग्नानंतरचे थेट सिंहासमोर. भिशीत पूर्वी सोन्याच्या भावावर बोलणं व्हायचं, आता ‘तुम्हाला गेंडा दिसला का?’ असं विचारतात. खर्चाचा आकडा कोणी सांगत नाही, पण यंदा भाऊंनी घराला रंग काढला नाही हे सगळ्यांनी पाहिलंय.

निघाले त्या दिवशीचा थाट तर विचारूच नका. दोघं नखशिखांत खाकी. वॉचमन नवा आहे, त्याने उभं राहून सॅल्यूट ठोकला. जायच्या आधीपासून मलेरियाच्या गोळ्या सुरू. वसईत जन्म काढलेली माणसं डासांना घाबरून गोळ्या घेतात, हे आमच्या डासांनी ऐकलं तर काय म्हणतील? फराळात सुकेळी न्यायची की नाही यावर आठवडाभर खल झाला, शेवटी चकलीवर निभावलं. त्या चकलीचं काय झालं ते सांगते पुढे.

तसं म्हटलं तर देवाणघेवाण आधीच सुरू झाली होती. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा. ते बिचारे सरकारी खर्चाने आले. हे दोघं स्वखर्चाने गेले, एवढाच फरक.

तर क्रुगर. १९२६ सालचं राष्ट्रीय उद्यान, एकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. आमचा पालघर जिल्हा त्यात तीनदा मावून वर उरेल, आणि तुंगारेश्वर अभयारण्य तर दोनशे वेळा. भाऊ हे असं सांगतात की जणू त्यांनीच मोजणी करून सातबारा काढलाय. तिथे ‘बिग फाइव्ह’ बघायचे असतात: सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस आणि बिबट्या. पायी शिकार करायला सगळ्यांत धोक्याचे म्हणून जुन्या गोऱ्या शिकाऱ्यांनी केलेली ही यादी. आता बंदूक जाऊन कॅमेरा आला, यादी तीच. पहाटे अंधारात उघड्या जीपमध्ये घोंगडी गुंडाळून बसायचं, कुडकुडायचं आणि खूण करायची. सिंह झाला, हत्ती झाले, म्हशी झाल्या, गेंडा पाठमोरा का होईना झाला. बिबट्या मात्र होईना.

आता आम्हाला बोलायला लावू नका.

मार्च २०२४ संपता संपता आमच्या किल्ल्यात बिबट्या आला होता की नाही? पारनाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर! रो-रो बोट नुकतीच फेब्रुवारीत सुरू झालेली, तिच्या संध्याकाळच्या फेऱ्या त्याच्यापायी बंद. सकाळचं फिरणं बंद, नवरा-नवरींचे फोटो बंद. वनखात्याने कॅमेरे लावले, पिंजरे लावले. तीन आठवड्यांहून जास्त तो सगळ्यांना झुलवत राहिला आणि एप्रिलच्या शेवटाकडे एकदाचा पिंजऱ्यात आला. त्या दिवसांत याच वहिनी सात वाजता खिडक्या लावून घ्यायच्या. याच भाऊंनी सोसायटीच्या लेटरहेडवर ‘सदर प्राण्याचा तातडीने बंदोबस्त व्हावा’ असा अर्ज लिहिला, आणि खाली आमची सही घेतली. संध्याकाळी बाहेर पडू नका असं सांगितलं तर म्हणाले, ‘आम्ही काय कोंडून घ्यायचं? टॅक्स भरतो आम्ही!’

आणि तिकडे? तिकडे संध्याकाळी ठरल्या वेळेला छावणीचं फाटक लागतं, उशीर झाला तर दंड. गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. डांबरी रस्त्यावर पन्नासच्या वर वेग नाही. भाऊ कौतुकाने सांगत होते, ‘काय शिस्त आहे हो तिथे!’ आम्ही चहात बघत राहिलो.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. गान्सबाय नावाच्या गावाजवळ समुद्रात लोखंडी पिंजरा सोडतात, माणसं आत, शार्क बाहेर. वहिनी त्यात उतरल्या. ही हकिगत मासळी घेताना अर्नाळ्याच्या मावशींना सांगायला गेल्या. मावशींनी आधी पिंजऱ्याचे पैसे किती ते विचारलं, मग बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, ‘मुशी बघायला? मुशी तर बाई टोपात असते.’

आणि ती चकली. केप पॉइंटला, आफ्रिकेच्या त्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, भाऊंना एकदम इतिहासाने घेरलं. बार्तोलोमेउ दियास १४८८ मध्ये इथून वळला, मागून वास्को द गामा, मग १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याचकडे. म्हणजे हे टोक त्यांना वळता आलं नसतं, तर आपल्याला किल्लाच नसता, असं ते हातवारे करून सांगत होते. हातात चकलीचा डबा होता. तिथले बबून या कामात तरबेज. एकाने येऊन डबा नेला, खडकावर बसून झाकण काढलं आणि भाजणीची चकली मोडून खाल्ली. भाऊंना दुःख डब्याचं. स्टीलचा होता, नाव घातलेला.

आणि हो, क्रुगरमधल्या शेवटच्या दिवशी बिबट्या ‘झाला’. म्हणजे काय, तर फोटो आहे. झाड आहे, फांदी आहे, फांदीखाली काहीतरी लोंबतंय. वहिनींनी त्याभोवती लाल गोल काढलाय, नाहीतर कळत नाही. ती शेपटी. बाकीचा बिबट्या पानांमागे झोपला होता आणि जीपमधले नऊ जण अर्धा तास श्वास रोखून त्याच्या शेपटीकडे बघत होते. रेंजर म्हणाला म्हणे, तुम्ही फार नशीबवान.

हा फोटो मोठा करून, चौकट लावून दिवाणखान्यात टांगलाय. परवा दर्शनाला सगळे गेलो. तळमजल्यावरच्या आजीही आल्या. किल्ल्यात बिबट्या होता त्या दिवसांत आजी तिथे जवळच लेकीकडे राहायला होत्या, आणि पहाटे न्हाणीच्या खिडकीतून तो भिंतीवरून चालत जाताना आपण पाहिला, असं त्यांचं म्हणणं आहे. तेव्हा कोणी विश्वास ठेवला नव्हता. आजींनी चष्मा पुसला, लाल गोलात नाक घालून पाहिलं.

‘एवढीच?’ त्या म्हणाल्या. ‘आमचा अख्खा होता.’