एक्का आणि कढीपत्ता

संभाजीनगरच्या सिडकोत आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी. तिच्यावरून वाट्या येतात-जातात, अन् गप्पाही.

"वहिनी, रात्री एकपर्यंत गच्चीवर काय करू राहिले होते सगळे?"

"माफिया खेळत होतो, काकू. गुलमंडीवरून नवा कॅट आणला. अकरा जणांना अकरा पत्ते, त्यात दोन एक्के. एक्का आला तो गुपचूप माफिया. सगळ्यांनी डोळे मिटले की 'रात्र'. माफिया खुणेनं एकाला मारतात. 'दिवस' उजाडला की भांडाभांडी अन् मतदान. ज्याला जास्त मतं, तो बाहेर."

"म्हणजे आपला राजा-मंत्री-चोर-शिपाईच की! राजाला 1000, चोराला भोपळा."

"तिथं चोर एकटा मंत्रीच शोधतो. इथं चोरसुद्धा सगळ्यांबरोबर 'पकडा पकडा' ओरडतो! 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठातल्या दिमित्री डेव्हिडॉफनं काढला हा खेळ. दोघांना सगळं ठाऊक, बाकीच्यांना काहीच नाही; गंमत त्यातच."

"तुम्हाला एक्का आला होता?"

"आला, अन् शेवटपर्यंत सापडले नाही! एकदा बघितलेला पत्ता पुन्हा बघायचा नाही. आमचे हे एरवी बडबडे, एक्का हाती येताच मौनीबाबा. पहिल्याच दिवशी गेले. मी रोजच्यासारखीच. कुणी रोखून बघितलं की चहाचं विचारायचं. नणंदेला माझा संशय होता, म्हणूनच तिला मारलं नाही. मारलं असतं तर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली असती. जाऊबाई भलत्यांवरच ओरडत होत्या, त्यांना शेवटपर्यंत जपलं. आमचंच काम करत होत्या ना!"

"दुसरा एक्का भाऊजींकडे? मग त्यांना वाचवलं नाही?"

"ते बुडणारच होते. मीही त्यांच्याविरुद्ध हात वर केला. तेव्हापासून सगळ्यांचा माझ्यावर विश्वास बसला. शेवटी मी अन् जाऊबाई दोघीच उरलो, मी जिंकले. पण हे सकाळपासून बोलेनात."

"बाई बाई! बरं वहिनी, माझ्या कढीपत्त्याचे शेंडे रोज कोण खुडतं हो? परवा तुम्ही पलीकडच्या घराचं नाव घेतलंत..."

वहिनींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"काकू, चहा टाकू का थोडा?"

शनिवारी मीही खेळायला जाणार आहे. तोवर कढीपत्त्याची कुंडी भिंतीपासून लांब सरकवली आहे.