दोन ग्रॅमचा संसार

वापरलेली टी-बॅग टाकायची कुठे, हा प्रश्न पर्यावरणाची चाड असलेल्या मंडळींना हल्ली फार छळतो. उत्तर सोपं आहे. आधी ती फाडायची. कारखान्यात यंत्राने पिशवीत कोंबलेला चहा आपण घरी नखांनी उकरून बाहेर काढायचा, याला पर्यावरणपूरक विल्हेवाट म्हणतात. गाळणं असलेल्या घरात याला नुसतं चोथा टाकणं म्हणतात.

एक टी-बॅग नीट बघाच. बाहेर पाकीट, बऱ्याचदा आतून चकचकीत. मग कंपनीचं नाव मिरवणारं चिठोरं. त्याला दोरा, दोऱ्याला पिशवी, आणि एवढ्या लवाजम्याच्या पोटात चहा किती, तर दोनेक ग्रॅम. 2016 च्या घनकचरा नियमांनी आपल्याला ओला आणि सुका वेगळा करायला सांगितला. दोन्ही एकाच दोऱ्याला बांधून कोणी विकेल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

‘पण पिशवी कागदाचीच असते ना?’ असते, बहुतांशी. अबाका नावाच्या, केळीच्या कुळातल्या झाडाचे धागे त्यात असतात. मात्र जी पिशवी कडेने उष्णता देऊन डकवलेली असते, तिच्या कागदात बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलिनही मिसळलेलं असतं, नाहीतर ती डकेल कशी? बाल्कनीतल्या खताच्या बादलीत अशी पिशवी टाका. काही महिन्यांनी चहा, सालं, देठं सगळं मातीला मिळालेलं असतं आणि त्यातून एक झिरझिरीत सांगाडा वर येतो. ते प्लास्टिक.

त्रिकोणी, रेशमी दिसणाऱ्या महागड्या पिशव्यांची कथा आणखी पुढची. त्यातल्या कित्येक सरळ नायलॉनच्या किंवा पीईटीच्या असतात. 2019 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी एकेक पिशवी 95 अंशांच्या पाण्यात बुडवली आणि कपात सुमारे 1,160 कोटी सूक्ष्म प्लास्टिककण मोजले. जर्मनीतल्या तज्ज्ञांनी हा आकडा फुगलेला असल्याची शंका काढली. ठीक आहे, शंभरातले नव्व्याण्णव कण खोटे धरू. तरी अकरा कोटींच्या वर उरतात. साखर मात्र आपण अर्धाच चमचा घेतो, तब्येतीसाठी.

आता कंपन्यांनी मक्यापासून केलेली पिशवी आणली आहे. खोक्यावर हिरवं पान आणि ‘कंपोस्ट होते’ असा दिलासा. बारीक अक्षरांत पुढची अट: औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये. म्हणजे साठेक अंशांची ऊब, तीही आठवडेच्या आठवडे. आपल्या बादलीला एवढा ताप कुठला यायला!

सरकारचं लक्ष नाही असंही नाही. टी-बॅगची पिन पोटात जाईल म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये पिनांवर बंदीचा आदेश काढला. योग्यच. गंमत अशी की पिन मारलेल्या किंवा गाठ बांधलेल्या दुमडीच्या पिशवीला डकवायला प्लास्टिक लागतच नाही. 2018 मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या. तेव्हापासून भाजीवाल्या मावशी दंडाच्या धाकात आहेत आणि उकळत्या पाण्यात बुडवायची पिशवी हॉटेलात बशीत बसून येते.

तरी टी-बॅगच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या नेहमीच्या चोथ्याला दूध-साखर लागलेली असते. तो न धुता गुलाबाच्या कुंडीत घातला की गुलाब राहतो बाजूला, मुंग्यांचं संमेलन भरतं. टी-बॅगमधला चोथा कोरा असतो, धुवायला नको. तेव्हा पिशवी फाडा, चोथा कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात घाला. फाटता फाटत नसेल आणि मोज्यासारखी ताणली जात असेल, तर ती प्लास्टिकची किंवा मक्याची समजा आणि कात्री घ्या. चिठोरं रद्दीत. रिकामी पिशवी सुक्यात जाईल, पण ती ओली असते, म्हणून आधी वाळवा.

दोरा आहेच, चिमटा लावून गॅलरीत टांगता येईल. शेजारी म्हणतील, दुसऱ्या चहासाठी वाळत घातल्यात. काही घरांत ते खरंही असेल.