वडील, वय वर्षे एकोणीस

बडनेरा जंक्शनच्या तिकीट खिडकीमागे माझी एकतीस वर्षे गेली. त्या खिडकीचे भोक जेमतेम वीतभर. त्यातून माणूस दिसत नाही, हात दिसतो. पण हात पुरतो. नखांत कापसाचा तूस अडकलेला हात मूर्तिजापूर मागतो, थरथरणारा हात दवाखान्यासाठी नागपूर मागतो, आणि पैशांच्या आधी जो एक पत्रक आत सरकवतो, तो हात प्रचारकाचा. मागे रांग खोळंबलेली, फलाटावर अमरावतीची शटल शिटी मारते आहे, आणि हा हात मला विचारतो, "बाबूजी, मरणानंतर कुठे जाणार?" मी म्हणायचो, "थे मागून पाहू. तुले कोठी जायचं हाय थे सांग, अन् सुट्टे दे."

प्रचारकांत म्हातारे आणि तरणे असे दोन वाण. म्हाताऱ्याचा त्रास नसतो. त्याला पाणी, सावली आणि ऐकणारा एवढेच लागते, आणि ऐकणारा झोपला तरी त्याचे अडत नाही. तरण्याची गोष्ट वेगळी. त्याला गुरुवारी कळलेले असते आणि शुक्रवारी तो शिकवायला निघालेला असतो. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर अंगापेक्षा मोठी पिशवी, आणि चेहऱ्यावर बोर्डाचा पेपर सोपा निघाल्यासारखा आनंद. वऱ्हाडात या पिकाला कधी दुष्काळ पडला नाही. गुरुकुंज मोझरीच्या वाटेचा भगव्या टोपीतला पोरगा, बडनेरा ते अकोला धावत्या डब्यात गीता विकणारा शेंडीवाला, सात दिवसांचा कोर्स फुकट देणारी पांढऱ्या साडीतली ताई, आणि हल्ली साखळी पद्धतीने साबण विकणारा. यांत सगळ्यांत श्रद्धाळू हा शेवटचा.

नव्या वस्तीतल्या आमच्या दारी हे सगळे येऊन गेले. माझी बायको त्या सर्वांना एकाच प्रश्नाने आडवे करते. "जेवला का बाप्पा?" दुपारी तीनला अठरा वर्षांच्या पोराला हे विचारा. आत्मा अमर आहे हे तो भाकरीचा दुसरा चतकोर संपेपर्यंत विसरतो.

पण या पिकाचे अस्सल बियाणे मला बडनेऱ्यात सापडले नाही. ते ॲरिझोनात भेटले.

लेक फिनिक्सजवळ चँडलर नावाच्या गावी नोकरीला आहे. अमेरिका थंड असते म्हणून बायकोने चार स्वेटर भरले होते. उतरलो तर मे महिना, पारा त्रेचाळीस, रस्त्यावर कुत्रे नाही. "आपण पलटून अकोल्यातच आलो काय हो?" ती म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारला, दार वाजले. बाहेर सायकली टेकवून दोन पोरे उभी. पांढरे सदरे घामाने पाठीला चिकटलेले, गळ्यात टाय, डोक्यावर हेल्मेट, आणि छातीवर काळी पाटी. एक शेवग्याच्या शेंगेसारखा, आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा. दुसरा तालमीतून थेट उचलून आणावा तसा, दारात उभा राहिला तर दार दिसेना. हा टोंगाचा. टोंगा हा पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश, लोकसंख्या लाखभर. आपल्या अमरावती शहरात असे सहा टोंगा बसतील. दोघे मॉर्मन पंथाचे, आणि त्या पंथाची माणसे लोकसंख्येच्या मानाने टोंगात जगात सगळ्यांत जास्त, हे मला त्यानेच सांगितले, आणि लाजत सांगितले.

पाटीवर दोघांच्याही आडनावाआधी 'एल्डर' असे लिहिलेले. मला वाटले, दोघे सख्खे भाऊ. लेकाने सांगितले की ती पदवी आहे, अर्थ 'वडील'. ओठावर अजून मिसरूड धड फुटलेले नाही आणि पाटी वडिलांची! बायको म्हणाली, "आपल्या घरी पंचाहत्तरी झाली तरी यायले कोणी वडील म्हनत नाही."

त्यांच्यात मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षे या कामावर जाऊ शकतो. कुठे जायचे ते वरून ठरते. आयडाहोचा टोंगाला जाईल, टोंगाचा ॲरिझोनाला येईल, बोली यायची नसेल तर आधी काही आठवडे भाषेचा वर्ग. पहाटे साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, एकट्याने कुठे जायचे नाही. जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा, आणि तोही काही आठवड्यांनी बदलतो. पगार नाही, रजा नाही, उलट खर्च घरचा. अशी नोकरी रेल्वेने काढली असती तर युनियनने चाक हलू दिले नसते. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. हे ऐकून बायकोने त्या धिप्पाड पोराकडे असे पाहिले की त्याचे काम त्याच क्षणी अर्धे बिघडले.

कारण तो ऐकवायला आला होता आणि ती खाऊ घालायला उठली होती. गेल्या तीन आठवड्यांत त्यांना 'बसा' म्हणणारे हे पहिलेच दार होते. त्यांना वाटले, या लोकांना देवाची ओढ आहे. आम्हाला वाटले, या पोरांना भूक आहे. अर्धे अर्धे दोघांचेही खरे होते.

पहिली अडचण चहाची. "चाहा घेत नाही?" तिने तिसऱ्यांदा विचारले. वऱ्हाडात चहाला नाही म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा भांडून आलेला. लेकाने समजावले की यांच्या पंथात १८३३ च्या उपदेशानुसार चहा, कॉफी, दारू, तंबाखू बंद. तंबाखूपर्यंत तिला पटले. मग तिने कुंडीतला गवती चहा खुडून उकळायला ठेवला. तेव्हा दोघा वडिलांत हळू आवाजात चर्चा सुरू झाली. नाव चहा, पण पत्ती चहाची नाही. आयडाहोवाला नावाकडून बोलत होता, टोंगावाला पत्तीकडून. निकाल लागेपर्यंत तिने पन्हे आणून ठेवले. त्याच्याबद्दल कोणत्याही धर्मग्रंथात काही लिहिलेले नाही. दोघांनी तीन-तीन पेले घेतले.

मग धडा. शेंगेने पाठ केलेला पहिला प्रश्न टाकला. तुमच्या मते जीवनाचा उद्देश काय? मी म्हणालो, "पेन्शन." त्याच्या तयारीत हे उत्तर नव्हते. त्याने पान उलटले. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाला न्यूयॉर्क राज्यातल्या एका टेकडीत सोन्याचे पत्रे कसे सापडले, त्यावरचा मजकूर त्याने कसा उतरवला, ते पुस्तक १८३० मध्ये कसे छापले गेले, हे सारे त्याने सांगितले. बायको पदर सावरून ऐकत होती. पत्रे देवदूताने परत नेले म्हटल्यावर तिने मान हलवली. "आमच्याकडे वावरात हंडा सापडला तं सरकार घेऊन जाते." मी विचारले, पत्रे पाहिलेला कोणी? तर अकरा जणांच्या सह्या पुस्तकातच छापलेल्या. तेव्हा मात्र माझे मत बदलले. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या सह्यांचा पंचनामा पाहिला नाही. मी त्यांना सांगितले की आमच्या जिल्ह्यात रिद्धपूरला सातशेहून अधिक वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी अशाच गोळा केल्या. कोणी पाहिले, कोणी ऐकले, प्रत्येकाकडे जाऊन विचारले आणि मगच लीळाचरित्र लिहिले. टोंगावाल्याने वही काढून 'रिद्धपूर' लिहून घेतले. शिकवायला आलेल्याने वही काढली की समजावे, गाडीचा रूळ बदलला.

उपवासाच्या विषयात तर गाडी साफ घसरली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळा जेवत नाहीत.

"मंग खाता काय?"

"काही नाही."

"साबुदाना?"

"काही नाही."

"भगर? शेंगदाने? केळ तरी?"

पाणीसुद्धा नाही, हे कळल्यावर बायकोने त्यांच्या धर्माविषयीची चौकशीच थांबवली. असा उपास करून माणसाच्या हाती काय लागते, हे तिला आजपर्यंत कळलेले नाही.

मॉर्मन आपल्या भागात कधी आले होते का, असे मी पुढे लेकाला शोधायला लावले. आले होते. ह्यू फिन्डले नावाचे गृहस्थ १८५२ मध्ये मुंबईत उतरले, पुढे पुण्याला गेले, मूठभर अनुयायी जमवले आणि काही वर्षांत परतले. वऱ्हाडात ते पोचले नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही, भुसावळ-नागपूर रेल्वे पुरी व्हायला १८६७ उजाडले. बडनेरा वेळेवर जंक्शन झाले असते तर काय झाले असते, ते सांगता येत नाही. बहुधा कोणीतरी त्यांना जेवला का म्हणून विचारले असते. अकोल्याला पुढे त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेतली दुसरी मिशनरी मंडळी आली. ती टिकली. माझा कयास असा की ती चहा घेत असावीत.

निघताना ही पोरे विचारतात, घरात काही मदत करू का? हे त्यांना शिकवलेलेच असते. बहुतेक दारांतून 'नको' असे उत्तर येते. आमच्या दारातून आले, "शनिवारी या." गाडगेबाबा आधी गाव झाडत, मग रात्री कीर्तनाला उभे राहत. या पोरांनी क्रम उलटा लावला होता, पण झाडू हाती घेतला हे महत्त्वाचे. शनिवारी बायकोने दोघांना टाय काढायला लावून सरगुंडे करायला बसवले. सरगुंड्याच्या काड्या तिने बडनेऱ्याहून सामानात नेल्या होत्या. कणकेची बारीक लड काडीभोवती गुंडाळायची, तळहाताने एक वळण द्यायचे, आणि न तुटता काडी ओढून घ्यायची. शेंगेची प्रत्येक लड तुटली. तो वाचून शिकणारा होता. टोंगावाल्याची बोटे केळ्यांएवढी, पण चौथ्या प्रयत्नाला त्याने जे सरगुंडे काडीवरून उतरवले ते माझ्या दोन्ही सुनांना आजवर साधलेले नाही. त्याने मान वर न करता सांगितले की आजी नारळाच्या झावळ्या विणायची, तिच्यासमोर असाच बसायचो. त्यानंतर बराच वेळ तो काही बोलला नाही. बायकोही बोलली नाही. तिने फक्त कणकेचा आणखी एक गोळा त्याच्यापुढे सरकवला.

तो 'काका-काकू' म्हणायला तेव्हापासून लागला. त्याचे इंग्रजी माझ्याइतकेच पायी चालणारे. परदेशात दोन परदेशी माणसे एकमेकांशी तिसऱ्याच देशाच्या भाषेत बोलत होती, आणि आयडाहोवाला, ज्याची ती भाषा होती, तो गप्प बसून आमरसात सरगुंडे बुडवत होता.

मग पितरांचा विषय निघाला. हे लोक वंशावळीचे भारी वेडे. सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगर पोखरून तिजोरी केली आहे आणि जगभरच्या नोंदींच्या फिल्मा तिथे ठेवल्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी १९७० च्या दशकापासून फिल्मवर उतरवून नेल्या. मी म्हणालो, आमचेही पान आहे, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे. आज्याचा अंगठा आहे त्यावर. टोंगावाला खुर्चीतून अर्धा उठला. जीवनाचा उद्देश विचारताना त्याचे डोळे इतके चमकले नव्हते.

"पण ही नावं घेऊन करता काय?" मी विचारले. तो जरा घुटमळला. आपापल्या मेलेल्या पूर्वजांच्या नावाने ते पाण्यात उतरून दीक्षा घेतात. बायको म्हणाली, "म्हंजे सर्वपित्रीच झाली नं." मी म्हणालो, माझ्या आज्याला विचारल्याशिवाय बुडवणार? तो घाईघाईने म्हणाला, तसे नाही काका, प्रत्येकाने आपल्याच घरची नावे द्यायची असतात, आणि तिकडे गेलेला माणूस नाही म्हणू शकतो.

"मंग काई हरकत नाही," मी म्हणालो. "माह्या आज्यानं जितेपनी कोनाचं ऐकलं नाही, आता काय ऐकते!"

आम्ही काही बदललो नाही, हे सांगायला नकोच. तोही बदलला नाही. ऑगस्टात त्याची बदली झाली, जोडीदार बदलला, आम्हीही परतलो. बायकोने दोन काड्या त्याच्या पिशवीत टाकल्या होत्या. त्याची दोन वर्षे संपून तो टोंगाला घरी पोचला, आणि गेल्या महिन्यात लेकाच्या मोबाइलवर त्याने पाठवलेला कागद आला. आमच्या घराण्याचे झाड. मी तेव्हा बोलता बोलता सांगितलेली सगळी नावे त्याने वहीत टिपून ठेवली होती. पुरुषांच्या चौकटी पाच पिढ्या भरलेल्या. बायकांच्या चौकटी आजीपर्यंत, त्यावर कोऱ्या. खाली त्याने विचारले होते, काका, पणजीचे नाव?

नाशिकच्या पानावर ते नाही, तिथे आमच्या घरचे सगळे पुरुषच. आमच्याकडे लग्नात सासरी नाव बदलायचे, म्हणजे माहेरचे एक आणि सासरचे एक अशी दोन नावे तिला असणार. घरात तिला सगळे 'मोठी माय' म्हणायचे, एवढेच माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकले होते. चुलतभावाला विचारले, त्याला ठाऊक नाही. कोंडेश्वरच्या वाटेवरच्या एका नव्वदीच्या आत्याकडे जाऊन आलो. तिला ती आठवते, नऊवारी आठवते, हातावरचे गोंदण आठवते. नाव आठवत नाही.

ती बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत नांदायला आली होती, माहेर दर्यापूरकडचे असावे. तिकडच्या कोणा जुन्या माणसाला बडनेऱ्यात दिलेली मुलगी आठवत असेल तर कृपया कळवावे. नव्या वस्तीत तिकीटबाबूचे घर कोणीही दाखवेल. दुपारी आलात तरी चालेल, जेवून जा.