नानांचं डेडस्टॉक रजिस्टर

नानांच्या कंप्युटरच्या सी ड्राइव्हमध्ये काय काय आहे, याची यादी नानांकडे आहे. कंप्युटरवर नव्हे, वहीत. कापडी पाठीची, लांबट, जुन्या सरकारी मापाची वही, आणि वर ठसठशीत अक्षरांत ‘जडवस्तू संग्रह नोंदवही (सी)’. डी ड्राइव्हची वही वेगळी आहे. पण तिच्यात नातीच्या बारशाचे फोटो आणि कीर्तनांच्या फाइली एवढंच असल्यामुळे ती पातळ आणि वादातीत आहे.

नानांची उभी हयात जिल्हा कोषागारात बिलं तपासण्यात गेली. ‘हे कुणाच्या मंजुरीने?’ हा एकच प्रश्न त्यांनी हजारो कागदांना विचारला आणि बऱ्याच कागदांची बोबडी वळवली. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००१ साली निघाला आणि पुढे सरकारी नोकरांना ती परीक्षा पास होणं भाग पडलं. नानांच्या बरोबरीच्या मंडळींनी ती वेतनवाढ अडू नये एवढ्यापुरती दिली आणि माउसला पुन्हा हात लावला नाही. नाना मात्र गुंतले. कारण त्या अभ्यासक्रमात त्यांना ‘फोल्डर’ भेटला. ज्याला नाव आहे, आकार आहे, तारीख आहे आणि जो दुसऱ्या फोल्डरच्या पोटात लपू शकतो, असा पदार्थ दिसला की नानांच्या जातीचा माणूस चष्मा पुसायला घेतो.

वहीत रकाने सहा. अनुक्रमांक, फोल्डरचे नाव, आकार, आगमनाचा दिनांक, प्रयोजन, शेरा. ‘प्रयोजन’ रकाना कोरा राहिला की शेऱ्यात लाल शाईने ‘खुलासा मागवावा’. तीन वेळा मागवूनही खुलासा आला नाही तर ‘निर्लेखित’. म्हणजे नाना तो फोल्डर उडवतात. खुलासा कोणाकडून यायचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता मुळात हे सगळं सुरू का झालं? तर कंप्युटर मधेच बंद पडतो म्हणून. सकाळी पेन्शनचा आकडा बघेपर्यंत ठीक चालतो. दुपारी नाना जरा रमले, चार खिडक्या उघडल्या, की फट्‌दिशी अंधार. कधी निळा पडदा येतो आणि त्यावर एक रडका चेहरा. हा चेहरा विंडोज ८ पासून आला. आधी नुसते आकडे यायचे, ते नानांना पटायचे. ‘चूक झाली तर कलम सांगा. तोंड वाकडं करून काय दाखवता?’ असं ते पडद्याला सुनावतात आणि खालचा कोड उतरवून घ्यायला लागतात. निम्मा उतरतो तोवर यंत्र पुन्हा सुरू झालेलं असतं. वहीच्या मागच्या पानांवर असे अर्धवट कोड ओळीने लिहिलेले आहेत.

मग त्यांना इव्हेंट व्ह्यूअर सापडला, आणि नानांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याला अर्थ आला. कुठल्याही धडधाकट कंप्युटरमध्ये तो उघडला तरी लाल-पिवळ्या खुणांची रांग दिसतेच. टेलिफोनवरून गंडा घालणारे भामटेही माणसाला नेमकं तेच दाखवून घाबरवतात. नाना घाबरले नाहीत, खूश झाले. इतके आक्षेप आयते मिळण्याचा योग त्यांना नोकरीतही आला नव्हता. त्यातली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद तर रोजचीच. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र मागच्या वेळी नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. ‘म्हणजे पंचनामा झालाय, तपास नाही,’ नाना म्हणाले, आणि तपास स्वतःकडे घेतला.

संशयित अर्थात फोल्डर. बाहेरच्या माणसाला वाटेल, यंत्र बंद पडतं तर वायर बघावी, पंखा बघावा. तसं नाही. वायर ओळखीची असते. ‘विनएसएक्सएस’ ओळखीचा नसतो. शिवाय त्याचा आकार कित्येक जीबी. खरं म्हणजे त्यातल्या बऱ्याच फाइली दुसरीकडेही त्याच नावाने हजर असतात, जागा एकदाच खातात, आणि एक्सप्लोरर मोजताना त्या दुबार धरतो. हे मी समजावलं तेव्हा नाना खुर्चीत पुढे सरकले. ‘एकच कर्मचारी चार हजेरीपटांवर?’ मी म्हटलं, ‘हो, पण पगार एकदाच.’ ते नाराज झाले. पगार एकदाच म्हणजे वसुली नाही.

‘सिस्टिम३२’मध्ये ६४ बिटांच्या फाइली आणि ‘सिसवाव६४’मध्ये ३२ बिटांच्या, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि मला रात्री साडेदहाला फोन केला. मी सांगितलं, जुने प्रोग्रॅम बिचकू नयेत म्हणून पहिलं नाव तसंच ठेवलंय. ‘दारावरची पाटी न बदलता खातं बदललं,’ नाना म्हणाले. ‘आमच्याकडेही असंच होतं. बरं, झोपा.’

त्यांना खरा धक्का दिला तो ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ने. एक फोल्डर निर्लेखित करायला गेले, तर पडद्यावर आलं की यात बदल करायला ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल. फ्लॅट नानांच्या नावावर, वीजबिल नानांच्या नावावर, कंप्युटरची पावतीसुद्धा फाइलला लावलेली; आणि परवानगी द्यायला हा कोण? विंडोज व्हिस्टापासून मूळच्या फाइलींची मालकी याच्या नावे असते, नेमकी नानांसारख्यांच्या हातून त्या वाचाव्यात म्हणून. हे मी जरा सौम्य शब्दांत सांगितलं. नाना गप्प झाले. मग हळूच म्हणाले, ‘त्याचा वरिष्ठ कोण?’

त्यांच्या या सावधपणामागे एक जुनी जखम आहे. २००२ साली एक ईमेल घरोघर फिरत होती: तुमच्या कंप्युटरमध्ये ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाची फाइल असेल, तिच्यावर अस्वलाचं पिल्लू असेल, तो व्हायरस आहे, ताबडतोब काढा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. नानांनी मुलाच्या कंप्युटरमध्ये शोधलं. पिल्लू होतं! काढलं, आणि अर्ध्या साताऱ्याला कळवलं. मागाहून उघड झालं की ती विंडोजचीच निरुपद्रवी फाइल, जावाच्या कामाची. अफवाच होती सगळी. मुलगा अजून चिडवतो. नाना अजून मागे हटलेले नाहीत. ‘निर्दोष असेल. पण सिस्टिमच्या फोल्डरमध्ये अस्वलाचं चित्र लावून बसायचं कारण काय?’

आणि मग २०२५चा एप्रिल उजाडला. नानांचा फोन: ‘जरा वर येता का? घरात कोणीतरी शिरलंय.’

मी चपला न घालता जिना चढलो. नाना पडद्यासमोर, वही उघडी, टोपण काढलेलं पेन हातात. सी ड्राइव्हमध्ये एक नवा फोल्डर: ‘आयनेटपब’.

‘उघडा,’ मी म्हटलं.

‘उघडला. आत काही नाही. आकार शून्य बाइट. काही आणलेलं नाही, काही नेलेलं नाही.’ नानांचा आवाज खाली गेला. ‘लेखापरीक्षणात अशीच माणसं सर्वांत अवघड.’

वेबसर्व्हर चालवणाऱ्यांच्या यंत्रात हा फोल्डर असतो. नानांच्या घरी वेबसर्व्हर असण्याची शक्यता नव्हती. खुलाशासाठी तीन स्मरणपत्रांची वाटही न बघता तो त्याच दुपारी निर्लेखित झाला. काही दिवसांनी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की तो फोल्डर सुरक्षेच्या अपडेटनेच मुद्दाम ठेवलाय, रिकामा असला तरी संरक्षणाचाच भाग आहे, कोणी काढू नये. आणि काढलाच असेल तर कंट्रोल पॅनेलमधून आयआयएस सुरू करा, म्हणजे तो परत येईल. ही बातमी नानांना कशी सांगावी या विवंचनेत मी वर गेलो. त्यांनी ती ऐकली, दोन मिनिटं छताकडे पाहिलं आणि चेहरा उजळला.

‘म्हणजे पद मंजूर आहे. माणूस भरलेला नाही.’

‘तसंच काहीसं.’

‘मग हे आधी सांगायचं! रिक्त पद कधी रद्द करू देऊ नये. एकदा गेलं की परत मिळत नाही.’ फोल्डर सन्मानाने पुन्हा रुजू झाला. वहीत त्याच्यापुढे निळ्या शाईने नोंद आहे: ‘रिक्त, परंतु मंजूर’. अख्ख्या विंडोजमध्ये नानांना मनापासून पटलेली एवढी एकच गोष्ट.

कंप्युटर बंद पडायचा तो पडतच होता. शेवटी मुलाने परस्पर फोन करून बाजारातल्या दुकानातला हार्डवेअरवाला पोरगा पाठवला. नानांनी त्याला वही दिली. त्याने ती न उघडता कॅबिनेटवर ठेवली, आणि टेबलाच्या खणात बसवलेलं ते कॅबिनेट वहीसकट बाहेर ओढलं. त्यावर काकूंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर, चारी बाजूंनी झालरीसकट. कव्हर काढलं, बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीची चांगली वाकळ झालेली. एसएमपीएसचा पंखा तर फिरतच नव्हता. पोरगा म्हणाला, ‘काका, ह्याला हवाच नाही. तापतंय, म्हणून झोपतंय.’ मग त्याने रॅम उपसली आणि खोडरबर मागितलं. नानांनी कोषागाराच्या काळातलं, अजून कोऱ्या कागदात गुंडाळलेलं खोडरबर दिलं. त्याने रॅमचे सोनेरी दात घासले, ब्लोअर मारला, एसएमपीएस बदलला, पैसे मोजून घेतले आणि गेला. कॅबिनेट आता खणाबाहेर, स्टुलावर उघडं असतं. काकूंना ते बघवत नाही. आल्यागेल्याला सांगतात, ‘माझं कव्हर चांगलं होतं हो, सहा लड्या लागल्या.’

तेव्हापासून यंत्र एकदाही बंद पडलेलं नाही. नानांनी मात्र वही मिटली नाही. मी एकदा धीर करून विचारलं, की आता दुखणं सापडलं, बरंही झालं, तर तपास कसला? त्यांनी माझ्याकडे, नव्या कारकुनाकडे बघावं तसं पाहिलं.

‘तो भौतिक दोष होता. माझा मुद्दा प्रशासकीय आहे.’

परवा चहाला खाली आले. माझा फोन जागा संपल्याची तक्रार करत होता. नानांनी तो सहज हातात घेतला, सेटिंग्जमध्ये गेले, स्टोरेज उघडलं. फोटो इतके, व्हिडिओ इतके, अ‍ॅप इतकी. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

‘“इतर”, अकरा जीबी.’ त्यांनी चष्मा वर केला. ‘इतर म्हणजे? शीर्ष नाही, उपशीर्ष नाही, तपशील नाही. आणि तुम्ही हे खिशात घालून फिरता?’

मी म्हटलं, सगळ्यांच्याच फोनमध्ये असतं ते.

‘सगळ्यांच्या असतं हा खुलासा नव्हे.’ चहा तसाच ठेवून ते उठले. ‘फोन दोन दिवस माझ्याकडे राहू द्या. पावती देतो.’

आणि दिली. सहीनिशी.