चोवीस गेअरची वारी

आळंदीत माउलींनी भिंत चालवली, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक मिरवत आले, तर ही चार भावंडं बसल्या भिंतीसकट त्यांना सामोरी गेली. ती भिंत आळंदीत आजही दाखवतात. तिच्यापुढे मी एका थंडीच्या सकाळी, सायकलच्या दोन्ही अंगांना दूधवाल्याच्या किटल्यांसारख्या बॅगा, मागे तंबू, त्यावर सतरंजी आणि त्यावर सौ.ने 'असू दे हो' म्हणून बांधलेलं टमरेल अशा थाटात उभा होतो. त्या भिंतीला ना चाकं, ना चेन. माझ्या सायकलला चोवीस गेअर होते.

बेत साधा होता. पालखीच्या वाटेने तीन दिवसांत पंढरपूर, मुक्काम स्वतःच्या तंबूत, पहिली रात्र जेजुरीला. तंबूची रंगीत तालीमही मी आठवड्यापूर्वी गच्चीवर केली होती. तंबू उभा राहिला तेव्हा सोसायटीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

निघण्याआधी हैबतबाबांच्या पायरीवर माथा टेकावा म्हणून वाकलो. सायकलवाल्यांची ती गादी शिवलेली तंग चड्डी घालून देवळाच्या दारात वाकू नये, हे कळायला मला वाकावं लागलं. मागच्या आजोबांनी 'राम कृष्ण हरी' म्हणत आपलं उपरणं माझ्या कमरेला गुंडाळलं. कपाळावर मोठ्या हौसेने गंधाचा टिळा लावून घेतला, त्यावर हेल्मेट चढवलं आणि इंद्रायणीच्या पुलावर पोचेपर्यंत टिळ्याचं नुसतं पिवळं फरकाटं उरलं.

दिघीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मी निर्धास्त होतो, कारण जवळ दोन नव्याकोऱ्या ट्यूब होत्या. अर्धा तास खटपट करून, बोटं काळी करून ट्यूब बसवली आणि शेजारच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायला गेलो. त्याने नळी लावली, काढली, पुन्हा लावली, मग चष्मा पुसून व्हॉल निरखला.

"काका, हा बारीक व्हॉल. याला आमची नळी नाय बसत. पंप नाय का तुमच्याकडं?"

पंप होता. घरी, दाराच्या मागे, विसरू नये म्हणून मुद्दाम समोर ठेवलेला.

शेवटी त्याने जुन्या, जाड व्हॉलच्या ट्यूबचंच पंक्चर दहा मिनिटांत काढून दिलं. माझ्या नव्या ट्यूबा हातात घेऊन म्हणाला, "या घरी बांधाबांधीला बऱ्या." आणि खरोखरच एकीने त्याने माझं लोंबकळणारं टमरेल आवळून दिलं.

पुण्यातून मी कसा गेलो ते विचारू नका. हडपसरला दोन मिसळी खाल्ल्या एवढंच स्पष्ट आठवतं. वडकी मागे पडली, खाली मस्तानी तलाव दिसायला लागला आणि दिवे घाट सुरू झाला. याच घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. मला एकटा मी जुंपलेला. चढ जाणवताच घाईघाईने गेअर बदलायला गेलो तो नेमका उलटा पडला, चेन उतरली, सायकल थांबली, आणि बॅगांच्या वजनाने मला घेऊन शांतपणे आडवी झाली. त्यानंतर मी ढकलत निघालो. एक एसटी गेली, एक उसाची ट्रॉली गेली, आणि मग, सांगायला लाज वाटते, डोक्यावर अंजिरांची पाटी घेतलेल्या एक आजी मागून येऊन पुढे गेल्या.

वर वळणावर त्या पाटी मांडून बसल्या होत्या. मी धापा टाकत अर्धा किलो अंजीर घेतले.

"कुठनं आलास रं बाबा?"

"आळंदीहून."

"चालत?"

मी सायकलकडे बघितलं. आजींनीही बघितलं.

"ही घरी ठिवली असतीस तर कवाच पोचला असतास," त्या म्हणाल्या आणि वर दोन अंजीर जास्त टाकले.

पायी दिंडी पुण्याहून पहाटे निघून एका दिवसात सासवड गाठते. मीही दिवेलागणीला सासवडच गाठलं. जेजुरी अजून सोळा-सतरा किलोमीटर लांब होती आणि माझ्या गुडघ्यांना ती पंढरपूरइतकीच वाटत होती. एका देवळाच्या आवारात विचारून जागा घेतली, तंबू पसरला, आणि काड्यांची पिशवी शोधायला लागलो. एक बॅग उपसली, दुसरी उपसली. दशम्या निघाल्या, शेंगदाण्याची चटणी निघाली, मलम निघालं.

घरी फोन लावला.

"त्या लवचीक काड्या होय?" सौ. म्हणाली. "गच्चीवर पडल्या होत्या ना, त्या मी मच्छरदाणीला लावल्यात. इतक्या छान बसल्या म्हणून सांगू! तुम्ही पोचलात का जेजुरीला?"

"जवळजवळ," मी म्हणालो, तंबूचं कापड डोक्यावरून ओढून घेतलं आणि गालावरचा पहिला डास मारला.