रियाधमधली गरम फरशी

रियाधच्या घरात गरम होणारी फरशी बसवतोय असं पुण्याला फोनवर सांगितलं, की पलीकडून काळजीचा स्वर येतो, "पगार वेळेवर होतोय ना रे?" त्यांचंही बरोबर आहे. उन्हाळ्यात इथे पारा ४५ ओलांडतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं, की जुलैत आम्ही गीझर बंद करतो आणि गार पाण्यासाठी गीझरचाच नळ सोडतो. सावलीत असलेली घरातली टाकी तेवढीच!

पण या मंडळींनी रियाधचा जानेवारी पाहिलेला नसतो. गाव ६०० मीटर उंचीवर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभराचं ऊन रात्री निघून जातं आणि पारा कधी कधी पाचाच्याही खाली उतरतो. इथले जुने लोक डिसेंबरपासूनच्या चाळीसेक थंड दिवसांना 'मरबानिया' म्हणतात. घरं बांधलेली उन्हाळ्याच्या धाकाने, त्यामुळे पहाटे चहा ठेवायला उठलं की पहिल्या पावलालाच 'आई गं' निघतं.

जुन्या फरशा पोकळ वाजू लागल्या तेव्हा घरमालक म्हणाले, "फरशी मी बदलून देतो, बाकी हौस तुमची." लगेच आमच्या घरातून हुकूम सुटला, "अहो, लाकडासारखी दिसणारी घ्या. आणि खाली हीटर!"

लाकडी दिसणारी ही फरशी २० बाय १२० सेंटिमीटरची. तिच्यावर लाकडाच्या रेषाच काय, गाठीसुद्धा छापलेल्या. तीच गाठ चार फळ्या सोडून पुन्हा भेटते. भट्टीत १२०० अंशांच्या आसपास भाजून निघालेली ही बाई आमच्या हॉलमध्ये येऊन गारठते, म्हणून तिला पुन्हा वीज द्यायची.

पेशावरच्या मिस्त्रीने केबलची जाळी अंथरली, सेन्सर नळीतून सरकवला, मीटर लावून केबल शाबूत असल्याची खात्री केली. मग छताजवळच्या एसीकडे बघून म्हणाला, "साब, नीचे गरम, ऊपर ठंडा. आप बीच में क्या करेंगे?" त्याचं म्हणणं रास्त होतं. मक्केत काबाभोवतीच्या प्रदक्षिणेच्या जागेत, म्हणजे मताफमध्ये, उन्हातही पाय पोळू नयेत म्हणून ग्रीसच्या थासोस बेटावरचा पांढरा संगमरवर घातलाय. सगळा देश पाय गार ठेवायच्या खटपटीत, आणि आम्ही उलट्या दिशेला.

घरमालक बघायला आले आणि पोटभर हसले. मग चपला काढून आत आले, ते तीन वेळा कहवा होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी खूश होऊन त्यांनी हॉलभर मावेल असा जाडजूड गालिचा भेट पाठवला. गालिच्याखाली ऊब कोंडते, हे त्यांना सांगायचं कुणी? आता ते येणार असले की आम्ही गालिचा पसरतो, गेले की गुंडाळतो. हिवाळ्यातला आमचा व्यायाम तेवढाच.

हिशेबच हवा असेल तर घ्या. चौरस मीटरला १५० वॅटप्रमाणे १५ चौरस मीटरला सव्वादोन किलोवॅट. पहाटे दोन तासांचे साडेचार युनिट. युनिटला १८ हलालांचा दर (शंभर हलालांचा एक रियाल) आणि १५ टक्के कर धरूनही रियालच्या आत. ऊब फुकट मिळते तेव्हा आपण तिला शिव्या देतो, विकत घेतली की पाहुण्यांना दाखवतो. तेव्हा बसवायची तर खुशाल बसवा. फक्त घरमालकाला हिवाळ्यात बोलावू नका.